अमावास्येची हवा

आमच्या आरोहीला आठवड्याचे वार नीट येण्याआधी अमावास्या कळायला लागली. इतर पोरं दिवाळीची वाट बघतात, ही भिंतीवरच्या कॅलेंडरात काळा गोळा शोधायची. शाळेत बाईंनी आवडता सण विचारला, तर हिनं ‘अमावास्या’ सांगितलं. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि घरात काही तसलं चालतं का, असं आडून आडून विचारलं. मी तिथं हसले, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

कारण साधं होतं. थंडीच्या दिवसांत तिला सकाळी दाराबाहेर सोडायची सोय नव्हती. गल्लीत धूर कोंडलेला असायचा आणि दोन मिनिटं त्यात गेली की पोरीच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. मग वाफेचं मशीन, मग रात्रभर उशीला टेकवून बसवणं. अमावास्येच्या सकाळी मात्र गल्ली लख्ख असायची. त्या दिवशी तिला अंगणात सायकल चालवता यायची, म्हणून तो तिचा सण.

अमावास्येलाच गल्ली लख्ख का, यावर आमच्या घरात दुमत नव्हतं. माझ्या सासूबाई शरणम्मा एकदा काही म्हणाल्या की ती काळ्या दगडावरची रेघ. आमच्या दारासमोर गुरुशांतअण्णांचं डाइंग आहे, टॉवेलच्या सुताला रंग द्यायचा कारखाना. आमच्या लोकांत अमावास्येला धंदा करत नाहीत, शेतकरीसुद्धा त्या दिवशी बैल जुंपत नाही. त्यामुळे अण्णांचा बॉयलर अमावास्येला बंद. बॉयलर बंद तर धूर बंद. विषय संपला.

मी दानेश्वरी. माहेर अक्कलकोटचं, सासर सोलापूर शहरात, जुन्या वस्तीतल्या एका खोलगट गल्लीत. खोलगट म्हणजे पावसाळ्यात पाणी आणि हिवाळ्यात धूर, जे येईल ते आमच्याकडं मुक्कामालाच राहतं. सोलापुरात एरवी सगळ्या दुखण्याचा दोष धुळीला द्यायची पद्धत आहे. सर्दी झाली, धूळ. डोळे आले, धूळ. पोरगा नापास झाला तरी एखादा म्हणेल, हितली हवाच तसली. पण धूळ दुपारी उडते आणि आरोहीचा श्वास पहाटे अडकायचा.

आमचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची, बाजरीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग चुलीच्या धगीला लावून कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. नीट जमली तर महिना-दोन महिने टिकते. अत्तींनी, आमच्याकडं सासूला अत्ती म्हणतात, हे काम एका चुलीवर सुरू केलं. आता मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा चुली आहेत. मी आल्यावर फोनवरनं पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी घ्यायला लागले, पाकिटं छापली आणि त्यावर अत्तींचा फोटो टाकला. फोटोत त्या हसत नाहीत. तरी पाकिटं खपतात.

गॅसचं नाव काढलं की अत्तींचं उत्तर तयार असायचं. “गॅसवरची भाकरी म्हंजे फोटोतला नवरा. दिसतोय छान, कामाला येत न्हाय.”

तर चुलीच. त्यात तुराट्या, वखारीतल्या ढलप्या आणि जे काही वाळलेलं किंवा अर्धवट ओलं हाताला येईल ते. चुली पेटायच्या पहाटे चारला, कारण दिवस उगवायच्या आत भाकरी उतरली पाहिजे, हा अत्तींच्या सासूपासूनचा नेम. समोर अण्णांचा बॉयलरही चारलाच पेटायचा, कारण अण्णांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की पहाटे धूर सोडला म्हणजे लोक उठेपर्यंत तो वर निघून जातो, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. दोन्ही घरांना आपापल्या शहाणपणाची इतकी खात्री होती की पहाटे चार ते आठ गल्लीत समोरचं दार दिसायचं नाही, तरी कुणाला काही वावगं वाटलं नाही. थंडी आहे, धुकं असणारच, असं म्हणून सगळे तोंडाला मफलर गुंडाळायचे.

कार्तिकात आरोहीला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिच्या एवढ्याशा तोंडावर तो मोठा मास्क होता आणि मी तो सरळ धरून बसले होते. डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, “घराजवळ पहाटे काय जळतं?”

अत्तींनी प्रश्न पुरा होऊ दिला नाही. “समोरचा बॉयलर.”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघून समजावून सांगितलं. थंडीत रात्री जमीन गार पडते, तिला टेकलेली हवाही गार आणि जड होते. वर मात्र त्यातल्या त्यात ऊबदार हवा राहते आणि ती झाकणासारखी बसते. एरवी धूर वर जाऊन पांगतो, पण झाकण असलं की तो खालीच कोंडतो. मग धुक्याचे बारीक थेंब धुराच्या कणांना धरून बसतात. ते नुसतं धुकंही नसतं आणि नुसता धूरही नसतो, ते धुरकं. ऊन चढून जमीन तापली की झाकण उघडतं. “म्हणून पहाटेच्या श्वासावर लक्ष ठेवा,” त्या म्हणाल्या. “ही थंडी तिला धुरात काढू देऊ नका. पुन्हा असा झटका आला तर मला काळजी वाटेल.”

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर झाकणाबिकणाचं माझ्या डोक्यावरून गेलं, मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. माझ्या नवऱ्यालाही तेवढंच ऐकू आलं. शिवू बँकेत आहे, बोलतो कमी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. आठ दिवसांत त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं बघितला. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येनंतरच्या रविवारी सामान हलवायला टेम्पोसुद्धा सांगून ठेवला.

“अव्वा, तूही चल,” तो आईला म्हणाला.

“आन् चुली? त्या चौथ्या मजल्यावर मांडू?”

आरोही आज्जीच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. मला जायचं नव्हतं. हा धंदा मी माझ्या हातानं वाढवलेला, ही माणसं माझी. पण पोरीच्या छातीपुढं माझ्या हौसेचं काय घेऊन बसता? मी मुकाट्यानं भांड्यांची खोकी गोळा करायला लागले. अत्ती रोज त्या खोक्यांकडं बघायच्या आणि दिवसेंदिवस कमी जेवायच्या.

वेळ अमावास्येला चार दिवस राहिले असताना त्यांनी ताट बाजूला सारलं. “चल गं,” मला म्हणाल्या, “त्या गुरुशांतला एकदा बघूनच घेते.”

अण्णा डाइंगच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. धोतर, जाकीट, कपाळाला विभूती. माणूस वाईट नाही. आरोही दवाखान्यात होती तेव्हा तीन वेळा नारळपाणी घेऊन आले होते. पण धुराचं नाव काढलं की ते अण्णा राहत नाहीत, कारखानदार होतात.

“गुरुशांत,” अत्ती उभ्या उभ्याच म्हणाल्या, “माझी नात रविवारी घर सोडून चाललीया. तुझ्या बॉयलरपायी.”

“अक्का, बसा तर खरं.”

“बसायला आले न्हाय. बॉयलर हलीव हितनं.”

“माझ्या बॉयलरला एवढी उंच चिमणी हाय ओ. धूर थेट वर जातोय. तुमच्या बारा चुलींना काय हाय? पत्रा. पत्र्याखालनं निघून सरळ गल्लीत येतोय तुमचा धूर.”

“माझा धूर?” अत्तींचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. हे जास्त वाईट लक्षण. “लाकडाचा धूर हाय तो. आईच्या चुलीचा. त्यानं कुणी मरत न्हाय. तू चिंध्या जाळालाय चिंध्या. आन् पुरावा पायजे तर अमावास्येला बघ. तुझा बॉयलर बंद असतोय, गल्ली कशी आरशागत असती.”

अण्णांनी मांडीवर थाप मारली. “हेच, हेच मी म्हणालोय की. अमावास्येला तुमच्या चुली बंद असत्यात, तवाच कशी गल्ली लख्ख असती? आं?”

मला हसू फुटलं. दोघंही माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच धूर सोडलाय. हसण्यासारखी वेळ नव्हती, पण काय करणार? इतकी वर्षं ही दोन माणसं एकच पुरावा खिशात घालून हिंडत होती, आणि तो दोघांच्याही कामाचा नव्हता.

“अत्ती, अण्णा, अमावास्येला तुम्ही दोघंही बंद असता,” मी म्हणाले. “मग गल्ली कुणामुळं लख्ख असते हे कळणार कसं?”

अण्णांनी उपरण्यानं चष्मा पुसला. अत्तींनी पदर सारखा केला. गल्लीतल्या दोन मोठ्या डोक्यांत एवढी साधी गोष्ट कधी आली नव्हती. माझ्याही नव्हती आली, म्हणून फार फुशारकी मारत नाही.

“मग दोघांपैकी एकानं एका अमावास्येला काम करायला पाहिजे,” मी म्हणाले.

“छे छे,” अण्णा म्हणाले. “अमावास्येला बॉयलर पेटवायचा? माझ्या बापानं कधी पेटवला न्हाय. माणसं तरी येतील का?”

मला वाटलं, अत्तीही तेच म्हणणार. पण त्यांची आपल्या चुलींवर इतकी श्रद्धा होती की त्यांना यात जिंकण्याची नामी संधी दिसली.

“मी पेटवते,” त्या म्हणाल्या. “येळवस हाय. शेतावर न्यायला भाकरी लागतातच की सगळ्यांना. देवाच्या नैवेद्याला चूल पेटली तर अमावास्या मोडत न्हाय. साऱ्या गल्लीच्या भाकरी मी करते, बारा चुलींवर. तुझा बॉयलर बंद. आन् गल्ली लख्ख दिसली, तर तू बॉयलर हलवायचा.”

“आन् न्हाय दिसली तर?”

“दिसणारच.”

हरल्यावर काय करायचं, हे ठरवायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही. अशा बाईच्या घरात मी सून आहे.

येळवस म्हणजे आमच्याकडचा शेताचा सण, वेळ अमावास्या. कडब्याची खोप करून पूजा करायची, मग मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, भाकरी असं रानात बसून जेवायचं. भाकरी थापणाऱ्या बायका सुट्टीवर होत्या. फक्त नागम्मा आली, तीही काय होतंय ते बघायला. पहाटे चारला अत्ती, नागम्मा आणि मी अशा तिघींनी बारा चुली पेटवल्या. थंडी मरणाची होती. अत्ती खुशीत होत्या. भाकरी थापता थापता त्या कानडीत काहीतरी गुणगुणत होत्या, हे मी त्या थंडीत पहिल्यांदा ऐकलं. मधेच म्हणाल्या, “टेम्पोवाल्याला सांगून टाक, येऊ नको म्हणून.”

फटफटायला लागल्यावर त्यांनी मला गच्चीवर पाठवलं. “जा, बघून ये. गुरुशांतला पण बोलीव. त्याच्या डोळ्यांनी बघू दे.”

अण्णा आधीच येऊन थांबले होते, कानटोपी घालून. आम्ही दोघं कठड्याशी उभे राहिलो. गल्लीच्या तोंडाला मोबाइलचा टॉवर आहे, लाल-पांढरे पट्टे रंगवलेला. आमच्या शेडमधून धूर निघाला, सरळ वर चढला आणि टॉवरच्या खालच्या लाल पट्ट्यापर्यंत जाऊन थांबला. अगदी थांबला. वर कुणीतरी परात पालथी घातल्यासारखा तो तिथून आडवा पसरत गेला, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग हळूहळू खाली उतरायला लागला. टॉवरचं वरचं टोक स्वच्छ होतं. खाली मात्र अण्णांच्या डाइंगचं दार दिसेनासं झालं. बॉयलरची चिमणी गार होती. तिच्यातून एक रेष निघत नव्हती.

डॉक्टरबाईंचं झाकण मला त्या क्षणी समजलं. आणि तेवढ्यात जिन्यावर अत्तींची पावलं वाजायला लागली.

त्या पिठाच्या हातांनी वर आल्या. चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज. कठड्याशी आल्या, खाली बघितलं. मग चिमणीकडं बघितलं. मग पुन्हा खाली. अण्णांनी मिशीवर हात फिरवला, काहीतरी ठेवणीतलं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात खालच्या खोलीतून आरोहीचा खोकला ऐकू आला. आधी एक, मग दोन, मग ती ओळखीची शिट्टी.

अण्णांचं वाक्य ओठांवरच राहिलं.

“व्हय गुरुशांत,” अत्ती म्हणाल्या. “माझा धूर हाय हा.”

बस, एवढंच बोलून त्या खाली गेल्या. मी मागोमाग धावले. शिवूनं आरोहीला वाफ द्यायला घेतली होती. अत्ती आत आल्या त्या थेट कपाटाकडं गेल्या आणि पोरीचे कपडे काढून पिशवीत भरायला लागल्या. स्वेटर, मोजे, शाळेचा गणवेश. पिठाची बोटं सगळ्या कपड्यांवर उमटत होती.

“शिवू, रविवारपर्यंत कशाला थांबतोस? आजच ने तिला.”

“अव्वा, काय झालं?”

“काय व्हायचं राहिलंय? पोरीला मांडीवर घेऊन मी समोरच्याला शिव्या देत बसले, आन् निखारा माझ्याच पदरात.” त्यांचा आवाज फुटला. “माझ्या हातानं जाळला मी तिचा श्वास. ने तिला. मला विचारू नको.”

शिवू कधी आईकडं, कधी माझ्याकडं बघत राहिला. त्यानं त्या बाईला रडताना पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं. आणि मला, सांगायला संकोच वाटत नाही, भयंकर राग आला. त्यांचा नव्हे. या एवढ्या ताठ बाईला एका सकाळीत असं मोडताना बघून राग आला. चूक कळली म्हणजे हरलं असं कुठं लिहिलंय? चूक कळली म्हणजे तर आता काय करायचं ते कळलं.

मी त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली.

“अत्ती, ऊन येऊ द्या.”

“कशाला?”

“त्याच बारा चुली, तेच जळण. ऊन चढलं की पुन्हा पेटवायच्या. आणि वर जाऊन बघायचं.”

“दिवस वर आल्यावर भाकरी?” रडतानाही त्यांना नेम आठवला. “माझ्या सासूनं ऐकलं असतं तर...”

“तुमच्या सासूला आरोही नव्हती.”

हे जरा जास्तच लागलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं. पण पिशवी पुन्हा मागितली नाही. दारंखिडक्या घट्ट लावून आम्ही आरोहीला वाफ दिली. चुली विझवल्या. नागम्मा सगळ्यांच्या घरी येळवशीच्या भाकरी पोचवून आली. आरोहीची शिट्टी हळूहळू उतरली आणि ती आज्जीच्या कानाची पाळी धरून झोपली.

दहाच्या सुमाराला गल्लीत कडक ऊन पडलं. आम्ही पुन्हा चुली पेटवल्या. या वेळी अत्ती शेडमध्ये थांबल्या नाहीत, आधीच गच्चीवर जाऊन उभ्या राहिल्या. अण्णाही शेतावर निघता निघता परत वर आले. घरचे लोक खाली जीपमध्ये हॉर्न वाजवत होते, त्यांनी लक्ष दिलं नाही. धूर वर चढला. लाल पट्टा ओलांडला, पांढरा ओलांडला, टॉवरचं टोक ओलांडलं आणि विरत विरत कुठल्या कुठं गेला. खाली डाइंगच्या दारावरचं कुलूपसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

“आयला,” अण्णा म्हणाले. “म्हंजे बापानं उलटंच सांगितलं की.”

“त्यांनी बघून सांगितलं नव्हतं, अण्णा,” मी म्हणाले. “पहाटे अंधारात धूर वर गेला का कोपऱ्यात बसला, कुणाला दिसतंय?”

अण्णांनी कानटोपी काढून हातात घेतली. सकाळपासून त्यांच्याकडं टोमण्यांचा साठा तयार होता, पण ‘माझा धूर हाय’ म्हणणाऱ्या माणसाला टोमणा मारणार कसा? शेवटी म्हणाले, “अक्का, उद्या तुमी चुली बंद ठेवा. माझा एकट्याचा बघू.”

“मी काय म्हणाले न्हाय तुला.”

“म्हणून तर बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आरोही घरात नव्हती, तिला आम्ही आदल्या रात्रीच माझ्या नणंदेकडं ठेवून आलो होतो. चुली बंद, बॉयलर चालू. अण्णा आमच्या गच्चीवर चहा पीत उभे. त्यांची उंच चिमणी खरंच उंच होती. पण झाकण तिच्याहून फार वर नव्हतं. धूर चिमणीतून निघाला, झाकणाला टेकला, पसरला आणि आमच्यापेक्षाही दाट होऊन खाली आला. शिवाय त्याला जळक्या कापडाचा वास होता, घशाला चरचरणारा. अण्णांनी उपरणं नाकाला लावलं.

“चिंध्या थोड्याच असत्यात,” ते उपरण्यातून म्हणाले.

अत्तींनी फक्त त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मला वाटतं, अण्णांना त्या दिवशी शिव्या खाणं सोपं गेलं असतं.

त्याच आठवड्यात गल्लीचं वेळापत्रक बदललं. थंडी सरेपर्यंत बॉयलर ऊन चढल्यावर पेटणार, आणि चुलीही. कामगार खूश झाले, कारण त्यांना पहाटेची झोप मिळाली. भाकरीच्या बायकाही खूश झाल्या, कारण पोरांचे डबे करून येता यायला लागलं. फक्त पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, भाकरी हल्ली जास्त खरपूस लागते, काय घातलंय? मी सांगितलं, ऊन.

शिवूनं टेम्पो रद्द केला नाही, पुढच्या महिन्यावर ढकलला. तो बँकेतला माणूस आहे, हातात आल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मला वाटलं होतं, अत्ती आता निवांत होतील. पण त्या रोज सकाळी गच्चीवर जाऊन धूर वर जाताना बघायच्या आणि खाली येताना गप्प असायच्या. एक दिवस बोलल्या, “दानेश्वरी, हा वर जाऊन संपतोय का गं?”

“संपत नाही, अत्ती. पांगतो.”

“म्हंजे कुणाच्या तरी डोक्यावर जातोच की. आपल्या पोरीच्या छातीतनं निघून दुसऱ्याच्या पोरीच्या छातीत. सूर्य काय आपला झाडूवाला न्हाय.” त्यांनी नाक उडवलं. “चार शेगड्या आण गॅसच्या. आधी बाजरीची करून बघू. आन् ओली ढलपी दिसली कुणाच्या हातात, तर सांगून ठेव, माझ्याशी गाठ हाय.”

“आणि तो फोटोतला नवरा?”

“साकु गं,” त्या म्हणाल्या, म्हणजे पुरे आता. “नवऱ्यालाबी शिकवावं लागतंय.”

अण्णांनी चिंध्यांची पोती एका गादीवाल्याला देऊन टाकली. कुणी विचारलं नसताना त्यांनी ते आम्हाला तीनदा सांगितलं.

संक्रांत होऊन गेली तरी थंडी होती, आणि तोवर आरोहीला सकाळी बाहेर सोडायचा धीर आम्हाला झाला नव्हता. एके दिवशी सकाळी मी पाकिटं भरत होते. आरोही उठली, डोळे चोळत दाराशी गेली आणि सवयीनं कडीला हात न लावता उभी राहिली. अत्तींनी तिच्या डोक्यावरून हात लांब करून कडी काढली आणि दार उघडलं. समोर डाइंगचं दार होतं, त्याच्यावर लावलेली लिंबू-मिरची होती, त्याच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं होतं. सगळं दिसत होतं. आरोहीनं उंबऱ्यावर उभं राहून नाक वर केलं आणि पोटभर श्वास घेतला. शिट्टी वाजली नाही. आत चहा पीत बसलेल्या शिवूनं कप खाली ठेवला आणि तो कान देऊन ऐकत राहिला.

“आज्जी,” आरोहीनं विचारलं, “आज अमावास्या हाय?”

अत्तींनी पदरानं डोळे पुसले.

“न्हाय गं राणी. आज मंगळवार हाय.”

“मग मी जाऊ?”

“जा की,” अत्ती म्हणाल्या आणि त्यांनी सायकल बाहेर काढली.